इंग्लिश कंट्री डान्स : जे लिहूनच ठेवलेले नाही ते शिकवायचे कसे?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी. उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या गावात चर्चच्या सभागृहात दर आठवड्याला इंग्लिश कंट्री डान्सचा गट जमतो आणि मी बरीच वर्षे तिथे नियमाने नाचते आहे. आमच्या ज्येष्ठ कॉलरबाईंनी (कॉलर म्हणजे नाच शिकवणारी आणि चालू असताना सूचना पुकारणारी व्यक्ती) नुकताच नवशिक्यांचा वर्ग माझ्याकडे सोपवला. नाचताना जे प्रश्न कधी मनात आले नव्हते, ते शिकवायला उभे राहिल्यावर एकेक करून समोर येऊ लागले आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. लंडनचे प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक काढले. त्यात शंभराहून अधिक नाच आहेत. प्रत्येक नाचाची एकपदरी सुरावट आणि तिच्याखाली काही ओळींच्या सूचना, एवढाच मजकूर. पुढे नाव थोडे आखडून आणि नवे नाच घालून याच पुस्तकाच्या आवृत्त्या १७२८च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या. जोड्या समोरासमोरच्या दोन ओळींत, वर्तुळात किंवा चौकोनात उभ्या राहतात आणि ठरलेल्या फिगर, म्हणजे हालचालींचे साचे, एकामागून एक करत जातात. आज आम्ही नाचतो त्यातला मोठा भाग या पुस्तकांवरून विसाव्या शतकात पुन्हा उभा केलेला आहे.

अडचण अशी, की पुस्तक ज्यांना नाच आधीच येतो त्यांच्यासाठी लिहिलेले आहे. इतकी पावले पुढे, इतकी मागे, पुन्हा तेच, अशा तुटक सूचना आणि त्यातही अर्धे शब्द आद्याक्षरांवर भागवलेले. पाऊल चालीचे की उडते, लय किती, हात कुठे ठेवायचे, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही.

माझा पेच नेमका 'सायडिंग' या फिगरवर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे नाच गोळा करून छापणाऱ्या सेसिल शार्प यांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे जोडीदारांनी एकमेकांवरची नजर न सोडता, वळसा घेत समोरच्याच्या जागेपर्यंत जायचे आणि आलेल्या वाटेने परतायचे. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या पॅट शॉ यांच्या पद्धतीत पुढे जाऊन उजव्या खांद्याला उजवा खांदा लावून रेषेत यायचे, मागे सरायचे आणि मग तेच डाव्या खांद्याने करायचे. आमच्या गटातली जुनी मंडळी पहिली पद्धत सोडायला तयार नाहीत, आणि इतर गावांतून येणारे नाचणारे दुसरी करतात, त्यामुळे नवशिक्या मध्येच अडकतो. मी कोणती शिकवावी? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे कोणत्या तत्त्वावर ठरवावे?

खोडसाळ_भाऊ

ताई, आधी डावा खांदा कोणता हे शिकवावे. आमच्या वयाच्या विद्यार्थ्यांचा निम्मा तास त्यातच जातो आणि तोवर प्रश्न आपोआप मागे पडतो.

दप्तरखाना

उत्तरवारा, प्रश्न चांगला आहे, परंतु त्याचे उत्तर शोधण्याआधी शार्प यांच्या कामाचे दोन भाग वेगळे करायला हवेत. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी येथे १८९९ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मॉरिस या इंग्रजी लोकनाचाच्या नर्तकांचा ताफा पाहिला आणि तिथल्या विल्यम किंबर या कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी) वादकाकडून सुरावटी टिपून घेतल्या, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. मॉरिस आणि कंट्री डान्स हे प्रकार मात्र निराळे. कंट्री डान्सकडे वळल्यावर त्यांनी १९०९ साली 'द कंट्री डान्स बुक'चा पहिला भाग काढला. त्यात खेड्यांमध्ये तेव्हा प्रत्यक्ष नाचले जाणारे अठरा नाच आहेत, म्हणजे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले किंवा जाणत्यांच्या तोंडून ऐकलेले होते. १९११च्या दुसऱ्या भागापासून मात्र ते ग्रंथालयात बसून प्लेफर्ड वाचू लागले. त्यातले तीस नाच त्यांनी निव्वळ मजकुरावरून उभे केले, कारण ज्याला विचारावे असा एकही माणूस दोनशे वर्षे उरलेला नव्हता.

सायडिंग या दुसऱ्या गटात मोडते. त्यामुळे ती शार्प यांची अटकळ आहे. अटकळ म्हटल्याने तिची किंमत कमी होत नाही, कारण शंभर वर्षांहून अधिक काळ हजारो लोक ती नाचत आले आहेत आणि आता तिलाही स्वतःचा इतिहास आहे. पॅट शॉ (१९१७–१९७७) यांनी मूळ मजकूर पुन्हा वाचून निराळा अर्थ मांडला. तोही अर्थच आहे. इथे कोणाकडेही सतराव्या शतकाची साक्ष नाही.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. प्लेफर्ड यांचे दुकान लंडनमध्ये टेंपल चर्चच्या दाराशी होते आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी कौतुक केले आहे ते इन्स ऑफ कोर्टमधल्या, म्हणजे वकिली शिकणाऱ्या सद्गृहस्थांच्या नृत्यकौशल्याचे. हे पुस्तक घेणारे गिऱ्हाईक शहरातले आणि शिकलेले होते. शार्प यांना त्यात खेड्यातल्या इंग्लंडचा आत्मा दिसला, हा त्यांच्या काळाचा गुण.

तिसरी_घंटा

दप्तरखाना यांचे म्हणणे मान्य केले, तर 'ऐतिहासिक' ही पाटीच उतरवायला हवी. दोन्ही सायडिंग विसाव्या शतकातल्या, पावले विसाव्या शतकातली, आणि तरीही आपण प्लेफर्डचे नाव लावून नवशिक्यांना सांगतो की हे १६५१ सालचे आहे. नाटकात आम्ही ऐतिहासिक वेषभूषा करतो तेव्हा ती वेषभूषा आहे हे प्रेक्षकांना माहीत असते. इथे नाचणाऱ्यालाच ते सांगितलेले नसते. माझ्या मते लोकांना आनंद मिळतो ना, मग तेवढे पुरे आहे, इतिहासाचा आधार घेण्याची गरज नाही.

दप्तरखाना

तिसरी_घंटा, अगदी हाच वाद शार्प आणि मेरी नील यांच्यात शंभर वर्षांपूर्वी झाला. नील लंडनमध्ये शिवणकाम करणाऱ्या कष्टकरी मुलींसाठी एस्पेरान्स क्लब चालवत. १९०५ साली त्यांनी शार्प यांच्याकडे मुलींसाठी गाणी मागितली, मग किंबर यांना बोलावून नाचही शिकवले, आणि त्या मुली पुढे गावोगाव जाऊन इतरांना शिकवू लागल्या. नील यांचे म्हणणे असे, की नाच माणसाकडून माणसाकडे जातो, त्यात उत्साह हवा, थोडा फरक पडला तर पडू द्यावा. शार्प यांना शुद्धता हवी होती, प्रशिक्षित शिक्षक हवे होते, परीक्षा आणि प्रमाणपत्रे हवी होती. १९११ साली त्यांनी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन केली आणि शाळांमध्ये, शिक्षकवर्गांमध्ये त्यांचाच शब्द चालू लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एस्पेरान्सचे काम थांबले.

आपण नील यांच्या बाजूचे आहात असे दिसते. तिथेही पुष्कळ चांगली मंडळी होती. मात्र शार्प यांनी चिकाटीने छापून ठेवले नसते, तर आज वाद घालायलाही काही हाती नसते, हेही मान्य करावे.

पाटीपेन्सिल

मी ब्रिस्टलमध्ये नाच शिकवतो. इतिहासात न शिरता शिकवण्याच्या अंगाने लिहितो, कारण उत्तरवारा यांच्यापुढचा खरा प्रश्न तोच आहे असे मला वाटते.

नवशिक्याला फिगर जड जात नाही. जड जाते ते 'मी आता कोण?' हे समजणे. लाँगवेज सेटमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या दोन लांब ओळींत, वरून खाली एक-दोन, एक-दोन असे आकडे दिलेले असतात. चालीचे एक आवर्तन पूर्ण झाले, की पहिल्या क्रमांकाच्या जोड्या एक घर खाली येतात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वर जातात, म्हणजे दर वेळी समोर नवी जोडी येते. दांडिया खेळलेल्या आपल्या लोकांना ही सरकती ओळ पटकन कळते. पण टोकाला पोहोचलेल्या जोडीसमोर कोणीच उरत नाही. तिने एक आवर्तन थांबायचे, नाचाला गरज असेल तर जोडीदाराशी जागा बदलायची आणि नवा आकडा घेऊन परत आत यायचे. नव्वद टक्के गोंधळ या टोकावर होतो. म्हणून मी संगीताशिवाय चालून दाखवतो तेव्हा एकदा नाही, दोनदा जोड्या सरकवतो आणि टोकाच्या जोडीपाशी जाऊन उभा राहतो. सायडिंगवर मी कधी इतका वेळ घालवलेला नाही.

कॉलरने बोलायचे कधी, हेही शिकावे लागते. फिगर सुरू व्हायच्या क्षणी सूचना दिली तर ती उशिरा पोहोचते. शेवटच्या दोन-तीन पावलांवर शब्द संपले पाहिजेत, म्हणजे ओळीचा पहिला ठोका आणि नाचणाऱ्याचे पहिले पाऊल एकत्र पडते. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनानंतर एकेक शब्द कमी करत जावे आणि मग गप्प बसावे. गप्प बसणे बहुतेक नव्या कॉलरांना जमत नाही, कारण हातात माईक असतो.

निळी_शाई

पाटीपेन्सिल, आपण ज्याला शिकवण्याची पद्धत म्हणता तीच मुळात आधुनिक आहे, याची एक मजेदार बाजू सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, म्हणजे जेन ऑस्टिनच्या काळात, बॉलमध्ये, म्हणजे नृत्यसमारंभात, आजच्यासारखा कॉलर नसे. ओळीच्या शिरोभागी उभी असलेली जोडी नाच निवडत असे, आणि सुरुवातही तीच करी. बाकीचे थांबून पाहत असत. ती जोडी खाली सरकत आपल्यापर्यंत येईस्तोवर फिगर कितीतरी वेळा डोळ्यांखालून गेलेली असे, त्यामुळे ज्याला येत नसेल त्याने खालच्या टोकाला उभे राहावे, हाच शिकण्याचा मार्ग होता. पावलांची तयारी नृत्यशिक्षकांकडे आधीच झालेली असे. ती सर्वांना येत होती म्हणूनच पुस्तकांत लिहायची गरज पडली नाही.

तेव्हा ऐतिहासिक पद्धतीनेच शिकवायचे असे कोणी ठरवले, तर निम्म्या नवशिक्यांना बराच वेळ नुसते उभे राहावे लागेल. तुमच्या सभागृहाचे भाडे तासावर असेल तर ते परवडणार नाही.

चहाबाज

निळी_शाई, ऑस्टिनचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तिच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीवरच्या १९९५च्या बीबीसी मालिकेत एलिझाबेथ आणि डार्सी नाचतात तो नाच त्या काळातला होता का? माझ्या पत्नीने ते दृश्य पाहूनच आमचे दोघांचे नाव वर्गात घातले होते.

निळी_शाई

तो 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगट', आणि तो १६९५ सालचा आहे. कादंबरी १८१३ची. म्हणजे ती जोडी स्वतःच्या पणजोबांच्या काळातला नाच करते आहे, तोही शार्प यांनी विसाव्या शतकात उभ्या केलेल्या रूपात. १८१३ साली सुशिक्षित तरुणांनी असा शिळा नाच निवडला नसता. दर हंगामाला नव्या नाचांच्या छोट्या पुस्तिका निघत आणि लोकांना नवेच हवे असे. त्या काळाचे पाहायचे असेल तर थॉमस विल्सन या नृत्यशिक्षकाची पुस्तके वाचावीत. त्यांनी फिगरच्या आकृत्या काढून, कोणत्या फिगरला चालीचा किती भाग लागतो हे बारकाईने लिहिले आहे. मात्र त्याच सुमारास, १८१५च्या आसपास, लंडनच्या आल्मॅक्स या उच्चभ्रू नृत्यसभागृहात क्वाड्रिल (चार जोड्यांचा चौकोनी नाच) आली, वॉल्ट्झही रुजला आणि शहरी दिवाणखान्यांतून कंट्री डान्स हळूहळू मागे पडला.

तरीही मी त्या दृश्यावर नाराज नाही. त्याने जगभरच्या गटांना जितके नवे नाचणारे मिळवून दिले असतील तितके कोणत्याही अचूक पुनर्रचनेने दिले नसतील. आपल्या पत्नीचेच उदाहरण समोर आहे.

गज_आणि_तार

इतका वेळ संगीताचे नाव कोणी काढले नाही याचे आश्चर्य वाटते. मी बॉस्टनमध्ये कंट्री डान्ससाठी व्हायोलिन वाजवतो. माझी तालीम हिंदुस्थानी पद्धतीची, त्यामुळे सुरुवातीला या चाली मला फार सोप्या वाटल्या. बत्तीस बारांची (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) चाल, दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. नाचणाऱ्यांची चौसष्ट पावले. मध्यम लयीत याला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. यात वाजवायचे काय, असे वाटे.

पण तीच चाल आठ-दहा वेळा वाजवायची असते आणि दहाव्या वेळीही पाय उचलले गेले पाहिजेत. प्लेफर्डमध्ये सुरावट एकच ओळ आहे. खालचा स्वर, संगत, काहीही छापलेले नाही. शार्प यांनी पियानोसाठी संगत लिहिली आणि कित्येक वर्षे सगळीकडे तीच वाजली. आता गट आपापली संगत बसवतात. पहिल्या आवर्तनात मी चाल जशीच्या तशी ठेवतो, कारण नाचणारे ती कानांत घेत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दुसरा व्हायोलिनवादक खालच्या पट्टीत उतरतो, मध्येच पियानो एकटा सोडतो आणि आम्ही थांबतो. खटका, मुरकी यांचा मोह होतो, पण मी त्या ओळीच्या मध्यभागी घेतो, शेवटी कधीच नाही. ओळीचा शेवट धूसर झाला तर नाचणाऱ्याला वळायचे कधी ते कळत नाही. लय एकदा धरली की ती हलवायची नाही. वाजवताना माझे डोळे नोटेशनवर नसतात, ओळीतल्या सर्वांत वयस्क नाचणाऱ्याच्या गुडघ्यांवर असतात.

'होल इन द वॉल' याची चाल ऐका. ती हेन्री पर्सेल यांची, 'अब्देलाझर' या नाटकासाठी १६९५ साली रचलेल्या संगीतातली हॉर्नपाइप ही नाचाची चाल आहे. (त्याच संगीतातला दुसरा एक तुकडा पुढे बेंजामिन ब्रिटन यांनी वाद्यवृंदाची ओळख करून देणाऱ्या आपल्या प्रसिद्ध रचनेसाठी घेतला.) यात बाराला तीन पावले पडतात. चार-चारच्या हिशेबाला सरावलेला नवशिक्या एक पाऊल आधीच पोहोचतो आणि जोडीदाराकडे पाहत उभा राहतो. त्याला आकडे मोजायला सांगू नये. चाल दोनदा नुसती ऐकवावी, गुणगुणायला लावावी आणि मग चालायला सांगावे. आपोआप पोहोचण्याची घाई थांबते.

म्हणून उत्तरवारा, माझे मत असे, की सायडिंग कोणतीही शिकवा, पण संगीताच्या ओळीशी ती जुळते का हे पाहा. दोन्ही पद्धतींत तितकीच पावले लागतात. फरक एवढाच, की पहिलीत माणूस ओळीच्या मध्यावर सर्वांत वेगात असतो आणि दुसरीत ओळीच्या मध्यावर क्षणभर थांबतो. 'अपॉन अ समर्स डे' वाजवताना मला दुसरी अधिक पटते, कारण चालही तिथे श्वास घेते.

रोखठोक

सगळे वाचले. एक साधा प्रश्न विचारतो, राग मानू नये. इंग्रजांचे नाच जिवंत ठेवण्यासाठी मराठी माणसांनी एवढी उठाठेव का करावी? आपल्याकडे दशावताराला प्रेक्षक नाहीत.

मांडवीकाठ

रोखठोक, राग कशाला मानायचा? पण चाली आणि नाच परवाना घेऊन प्रवास करत नाहीत. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांनी इंग्लंडचे हे नाच उचलले. फ्वीये या फ्रेंच नृत्यशिक्षकाने १७०६ साली ते आकृतिबद्ध करून छापले, आणि तेच पुस्तक चार वर्षांत जॉन एसेक्स यांनी इंग्रजीत आणून इंग्रजांना परत दिले. पुढे ते युरोपभर गेले. मोझार्ट आणि बीथोव्हन यांनीही त्यांच्यासाठी संगीत लिहिले. आमच्या गोव्यात पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर ओळींत उभे राहून मांडो नाचतात. त्याच्यावर युरोपीय दिवाणखानी नृत्यांची छाया आहे असे जाणकार मानतात, पण गाणे कोकणी आणि हुरहूर आमची.

मराठी धागाही हवा असेल तर तंजावरला चला. सरफोजीराजांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी मद्रासकडे कानांवर पडलेल्या युरोपीय चालींवर संस्कृत पदे रचली, त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. त्यांतले 'वन्दे मीनाक्षी' हे 'रेक्स ऑफ मॅलो' या आयरिश नाचाच्या चालीवर आहे. ही चाल आजही नाचाच्या हॉलमध्ये वाजते, आणि कर्नाटक संगीत शिकणारी लहान मुलेही ती गातात.

गज_आणि_तार

मांडवीकाठ, हे मी आमच्या पियानोवादकाला ऐकवले. पुढच्या नाचाला मध्ये एक आवर्तन दीक्षितरांचे घ्यावे असा त्याचा आग्रह आहे. नाचणाऱ्यांना काही कळणार नाही, लय तीच.

रोखठोक

उत्तर मिळाले. तरीही दशावताराचे माझे म्हणणे कायम आहे.

सरळरेघ

एक मुद्दा राहिला आहे. कोणत्याही गटात स्त्रिया जास्त असतात आणि दोन स्त्रियांची जोडी ही रोजची गोष्ट आहे. हे नवे नाही. १९१६ साली सॉमच्या लढाईच्या महिन्यांत शार्प यांच्या प्रात्यक्षिक संघातले चार पुरुष मारले गेले, त्यांत संगीतकार जॉर्ज बटरवर्थही होते. त्या काळात शिकवण्याचे आणि टिकवण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी केले. शार्प यांच्यासोबत अमेरिकेच्या ॲपालेशियन डोंगरांत हिंडून टिपणे घेणाऱ्या मॉड कार्पेलिस यांचे नाव त्यांत पहिले घ्यावे लागेल. असे असून आपण अजूनही 'पुरुषांनी डावीकडे, स्त्रियांनी उजवीकडे' असे पुकारतो. नवा माणूस आधी स्वतःची बाजू शोधतो, मग आपण आज 'पुरुष' आहोत हे आठवतो, आणि तोवर फिगर निघून गेलेली असते. इंग्लंड-अमेरिकेतले कित्येक कॉलर आता फक्त जागा सांगतात: पहिल्या कोपऱ्यातल्यांनी, दुसऱ्या कोपऱ्यातल्यांनी, वर तोंड असलेल्यांनी. कॉन्ट्रा या अमेरिकेतल्या भावंड नाचात दोन्ही भूमिकांना पक्ष्यांची नावे दिली आहेत. मला जागा सांगण्याची पद्धत बरी वाटते, कारण तिच्यात पाठ करायचे काही नाही.

तिसरी_घंटा

सरळरेघ यांचे म्हणणे पटते. पण मग प्लेफर्डने स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी छापलेल्या सूर्य-चंद्राच्या खुणा जातात, जाऊ द्यायच्या का? दप्तरखाना काय म्हणतात?

दप्तरखाना

पुस्तकात राहू द्यायच्या, हॉलमध्ये जाऊ द्यायच्या. मी नोंदींचा कैवारी आहे, रात्री साडेआठला दमलेल्या नवशिक्यांचा नाही.

मात्र मूळ चर्चेतला एक मुद्दा पुन्हा मांडतो, कारण तिसरी_घंटा यांनी 'पाटी उतरवा' म्हटले होते. शार्प यांनी १९१७ साली केंटकीत 'रनिंग सेट' हा नाच पाहिला आणि तो प्लेफर्डपेक्षाही जुना असावा असे ठरवून टाकले. पुराव्यापेक्षा त्यात त्यांची इच्छा अधिक होती. पण त्यांनी काय पाहिले आणि काय ठरवले, हे दोन्ही छापलेले असल्यामुळे आज आपण त्यांच्याशी मतभेद दाखवू शकतो. शिकवतानाही तेवढेच करावे. पाटी उतरवू नये, तिच्यावर पूर्ण पत्ता लिहावा: सुरावट १६५१ची, फिगर अमक्याने अमक्या साली लावलेल्या. हे सांगायला वाक्यभर वेळ लागतो.

पाटीपेन्सिल

नवशिक्यांना ते एक वाक्यही नाच झाल्यावर सांगावे. आधी सांगितले तर ते पावलांऐवजी सालाचा विचार करत राहतात.

उत्तरवारा

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान एक वर्ग झाला, त्यावरून काही ठरले आहे ते लिहिते.

'ब्लॅक नॅग' घेतला होता. तीन जोड्यांचा नाच, १६५१मध्ये नसलेला, नंतरच्या आवृत्तीत आलेला. सुरुवातीला सगळे मिळून पुढे-मागे, दुसऱ्या भागाच्या आरंभी सायडिंग, तिसऱ्याच्या आरंभी हात गुंफून फिरणे, आणि प्रत्येकानंतर निराळी करामत. पहिल्या भागात जोड्या दोन्ही हात धरून एकामागून एक घसरत वर जातात. त्यातली घसरती पावले सुरू झाली, की लोक हसायला लागतात आणि अवघडलेपण संपते, म्हणून नवशिक्यांसाठी तो मला सोयीचा वाटतो. सायडिंगसाठी मी पॅट शॉ यांची पद्धत घेतली. कारण सांगायचे तर सरळ पुढे आणि सरळ मागे जाणाऱ्या माणसाला आपली जागा सापडते. वळसा घेणारा नवशिक्या जोडीदाराच्या जागी पोहोचला, की तिथेच घर करतो आणि पुढची फिगर उलट्या बाजूने सुरू करतो. हे मी त्याच संध्याकाळी पाहिले, कारण आमच्या जुन्या मंडळींपैकी एका जोडीने आपली पद्धत चालूच ठेवली आणि शेजारच्या नव्या जोडीने त्यांचे पाहून तसेच केले.

त्या जुन्या जोडीला मी थांबवले नाही. वर्ग संपल्यावर त्यांनाच विनंती केली, की पुढच्या वेळी तुम्ही दोघांनी मध्ये येऊन तुमची पद्धत सर्वांना दाखवा, ती कोणी आणि कधी लावली हे मी सांगेन. काका लगेच तयार झाले. काकूंनी त्यांना तरुणपणी ती शिकवणाऱ्या बाई किती कडक होत्या, हे सांगायला सुरुवात केली, आणि सभागृहाला कुलूप लावणारा माणूस किल्ल्या वाजवत उभा राहिला तरी त्या थांबेनात. दप्तरखाना, आपल्या पूर्ण पत्त्यात अशा बाईंचेही नाव बसते असे मला वाटते. ज्या नाचांमध्ये शार्प यांचा वळसा पुढच्या फिगरमध्ये सहज मिसळतो तिथे मी तोच ठेवणार आहे, आणि जे गाव जी पद्धत करत असेल तिथे पाहुण्याने ती करावी, हे नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगणार आहे.

एक अडचण उरली आहे. आमच्याकडे दर वेळी वादक नसतात. त्या संध्याकाळीही ध्वनिमुद्रणावर नाचावे लागले.

खोडसाळ_भाऊ

डाव्या खांद्याचे काय झाले ते लिहिलेच नाहीत.

गज_आणि_तार

उत्तरवारा, ध्वनिमुद्रण चालेल, फक्त ते घेण्याआधी आवर्तने मोजून घ्या. तीन जोड्यांचा सेट असेल आणि नाचात दर आवर्तनाला पहिली जोडी तळाशी जात असेल, तर आवर्तने तिनाच्या पटीत हवीत, नाहीतर एखाद्या जोडीला पुढारी होण्याची पाळीच येत नाही आणि ती जोडी ते विसरत नाही. 'ब्लॅक नॅग'सारख्या तीन भागांच्या नाचाला तर मुद्रण नेमके त्याच रचनेचे लागते. लाँगवेज नाचांसाठी लांब मुद्रणे घ्या आणि सर्वांची पुरेशी पाळी झाली, की आवर्तनाच्या शेवटी आवाज हळूहळू उतरवा. मध्येच तोडू नका. लय बदलता येणारे साधे ॲप फोनवर मिळते, त्यात सूर न बदलता वेग थोडा कमी करता येतो. आणि तुमच्या गटात कोणी बासरी किंवा व्हायोलिन शिकत असेल, तर त्याला एकच चाल द्या आणि संध्याकाळच्या एका नाचाला प्रत्यक्ष वाजवू द्या. आमच्याकडचे निम्मे वादक असेच आले आहेत.

पाटीपेन्सिल

त्या वादकाला 'होल इन द वॉल' देऊ नका मात्र. 'जमैका' द्या. चाल सोपी आहे आणि चुकली तरी नाचणारे तिला ओढून नेतात.